चौथं गाणं, चार मिनिटं अकरा सेकंद

माझे गुडघे गेले, कंबर जायच्या बेतात आहे, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो. पण तिसऱ्या अल्बमबद्दलचं माझं मत एकतीस वर्षं जागच्या जागी होतं. शरीर आणि संसार मिळून तेवढी एकच गोष्ट मी धडधाकट राखली होती. गेल्या महिन्यात तीही गेली.

बँडचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक एकतर ‘अरे, ते होय!’ म्हणतात, नाहीतर ‘कोण?’ म्हणतात, आणि मला दोन्हींचा सारखाच कंटाळा येतो. ज्यांना थ्रॅश मेटल ठाऊक नाही त्यांनी एवढंच धरून चालावं, की गिटार, ड्रम आणि राग या तीन गोष्टी एकाच वेळी, जमेल तितक्या वेगात. ज्यांना ठाऊक आहे ते तसेही भांडणारच आहेत.

त्यांचे अल्बम डझनभर आहेत, पण हिशेबात धरावेत असे चार. मी आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यांना कव्हरवरच्या चित्रांवरून ओळखायचो. पहिला ‘कुत्रा’, दुसरा ‘भट्टी’, तिसरा ‘जिना’, चौथा ‘आरसा’.

‘कुत्रा’ घाईघाईत उरकलेला आहे आणि ते लपतही नाही. ड्रम पत्र्याच्या डब्यांसारखे वाजतात. दुसऱ्या गाण्यात गिटारवाला चक्क चुकतो, आणि ती चूक कोणी पुसलेली नाही. त्या चुकीवर माझा फार जीव आहे. ‘भट्टी’मध्ये बेसवाल्याला पहिल्यांदा ऐकू येण्याची परवानगी मिळाली. त्यातली दोन गाणी अशी आहेत की बोलणंच खुंटतं, आणि मधला एक बिनशब्दांचा तुकडा इतका लांबलाय की तेवढ्यात चहा करून, पिऊन, कप विसळूनही होतो. ‘आरसा’ म्हणजे शरणागती. वेग कमी, आवाज धुतलेला, गायक चक्क सुरात. ज्यांना ‘आरसा’ आवडतो ते लोक काळ्या टी-शर्टलाही इस्त्री करतात, असं मी एकदा आमच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहिलं होतं. इस्त्री हाच माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे तो टोमणा मला शोभला.

आणि ‘जिना’. आठ गाणी, मधे श्वास घ्यायला जागा नाही. चौथ्या गाण्यात ड्रमरचे पाय असे पळतात की त्याला दोनच पाय आहेत यावर विश्वास बसत नाही. माझं म्हणणं असं, की माणसाच्या हातापायांनी याहून वेगात काही वाजवलेलं नाही, आणि हे वाजवून झाल्यावर बँडला स्वतःचीच भीती वाटली. म्हणून पुढे ‘आरसा’ निघाला. हे मी ग्रुपवर किमान शंभर वेळा लिहिलंय.

अडचण एवढीच होती, की माझ्या म्हणण्यातला ‘जिना’ माझ्याशिवाय कोणी ऐकलेलाच नव्हता.

झालं होतं असं, की माझ्याकडे ‘जिन्या’ची कॅसेट होती, दादानं भरलेली. पुढे सीडीचे दिवस आले तेव्हा मी हौसेनं सीडी आणली, लावली आणि माझं डोकं फिरलं. गाणी जड झालेली, आवाज खाली बसलेला, चौथं गाणं तर पोट भरून जेवल्यासारखं चाललेलं. मी कॅसेट लावून पाहिली, ती तशीच पळत होती. मग माझी खात्रीच पटली, की कंपनीनं पुन्हा घासूनपुसून काढताना ‘जिन्या’चा वेग मारला. का मारला? भित्रेपणा. नाहीतर नव्या पोरांच्या कानांना झेपेना म्हणून. पुढे फोनवरही तोच मेलेला ‘जिना’ मिळायला लागला आणि माझं मत आणखी पक्कं झालं. खरा ‘जिना’ माझ्या कपाटात, स्वेटरच्या खाली, आणि जगाकडे त्याची नक्कल. दोन-तीन जणांनी माझं वाचून कंपनीला रागाची पत्रंसुद्धा पाठवली होती. कंपनीनं उत्तर दिलं नाही, तेव्हा मी म्हटलं, बघा, चोराच्या तोंडाला कुलूप.

मग ग्रुपवर एक नवा माणूस आला. नाव घेतलं होतं ‘गंजका खिळा’. त्यानं नम्रपणे विचारलं, “ताई, चौथं गाणं सगळीकडे चार मिनिटं सव्वीस सेकंदांचं आहे. तुमच्याकडे किती?”

मी घड्याळ लावून मोजलं होतं, एकदा नाही, चारदा. “चार मिनिटं अकरा सेकंद,” मी लिहिलं. “हाच पुरावा.”

“कॅसेट दुकानातली, की कोणी भरून दिलेली?”

“भावानं भरली. पण मूळ कॅसेटवरून.”

“मग ऐकवा ना आम्हाला,” खिळ्यानं लिहिलं. खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. त्या चित्रानं मी पेटले.

ती कॅसेट भरली कशी, ते सांगायला हवं. दादा तेव्हा तेवीस वर्षांचा, रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात कामाला. दुकानात एका गिऱ्हाइकानं दोन खणांचं मशीन दुरुस्तीला टाकलं होतं. एका खणात मूळ कॅसेट घालायची, दुसऱ्यात कोरी, की आपोआप नक्कल होते. त्याचा स्पीकर बंद पडला होता, पण भरायचं काम चालू होतं. त्याच वेळी कोणाकडून तरी ‘जिन्या’ची मूळ कॅसेट एका दिवसाच्या बोलीवर हाताला लागली. दादानं मालकाच्या परवानगीनं मशीन घरी आणलं. भरताना काही ऐकू येत नव्हतं, नुसती दोन चक्रं फिरताना बघत आम्ही बसलो होतो. दुसऱ्या दिवशी कॅसेटही परत गेली आणि मशीनही. मूळ ‘जिना’ आम्ही कानांनी असा कधी ऐकलाच नाही.

कॅसेटच्या शेवटी थोडी जागा उरली होती. दादानं मशीनच्या माइकवर घरातलेच आवाज भरले. त्यात तो म्हणतो, “आई, बोल काहीतरी, बघतोय येतं का.” आणि आई म्हणते, “काय बोलू? माझं बोलणं कोणी ऐकतं का या घरात? आता यात शिरल्यावर तरी ऐका. ताटं वाढलीत. हात धुऊन या दोघं.” मग मी हसते, आणि टेप संपते. आईचा दुसरा कुठलाही आवाज आमच्याकडे नाही. ती गेली त्याला सोळा वर्षं झाली. तिचा टेपमधला आवाज बारीक आहे, घाईचा आहे. मला वाटायचं, तरुण होती तेव्हा.

आमचा तिघांचा बँड होता. मी गिटार, दादा ड्रम, आणि माझ्या वर्गातला एक बेसवाला, जो पुढे विमा विकायला लागला. गच्चीवरच्या खोलीत आम्ही कॅसेट लावायचो आणि तिच्याबरोबर वाजवायचो. सूर जुळेना, म्हणून तारा टेपच्या सुराला जुळतील इतक्या ताणून घ्यायचो. वरची तार आठवड्याला तुटायची. आम्हाला वाटायचं, हे लोक तारा जास्त ताणतात, म्हणूनच ती धार. ‘कुत्रा’ जमला, ‘भट्टी’ जमली. ‘जिन्या’मधली बाकीची गाणीही दादानं कशीबशी ओढली. चौथं गाणं मात्र त्याच्यानं होईना. पाय मागे पडायचे. दुकानातून आला की तो रात्रीच्या जेवणापर्यंत त्या एकाच गाण्यावर बसायचा. पोटऱ्यांत गोळे यायचे, आई तेल चोळून द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय मागे. माझी बोटं मात्र चालत होती. का कोण जाणे, मला ते जमलं होतं, आणि जमल्याचा माज होता.

मग एका हॉलमध्ये कार्यक्रम मिळाला. दीडशे माणसं असतील. दादा म्हणाला, “चौथं नको घेऊ.” मी म्हटलं, “चौथ्यासाठीच आलोय आपण.” गाणं निम्म्यावर कोसळलं. तो मागे, मी पुढे, बेसवाला कुठेतरी मधे. मी गिटार थांबवली, माइक तोंडाशी घेतला आणि म्हणाले, “माफ करा. माझा भाऊ दमला. ज्याला झेपत नाही त्यानं बसू नये, पण आमच्याकडे दुसरा कोणी नाही.”

लोक हसले. फार हसले. दादाही हसला, तेच मला सगळ्यात जास्त आठवतं.

त्या आठवड्यात त्यानं ड्रम देऊन टाकले. भांडला नाही, रुसला नाही. आजवर आमचं बोलणं कधी तुटलं नाही. माझ्या लग्नात तो राबला, माझा नवरा सोडून गेला तेव्हा माझं सामान त्यानंच उचललं. फक्त त्यानंतर त्याला टेबलावर बोटं वाजवतानासुद्धा मी कधी पाहिलं नाही. पूर्वी ताट वाजवायचा, दार वाजवायचा, माझी पाठ वाजवायचा. आता त्याचे हात जिथे ठेवले तिथे असतात.

तर कॅसेट पिशवीत घातली आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी कॉपीवाल्याकडे गेले. लोकांच्या लग्नाच्या जुन्या टेपा तो कॉम्प्युटरवर घालून देतो. अरुंद दुकान, भिंतभर टेप मशीनं, त्यात हा बारीकसा माणूस चष्मा कपाळावर चढवून बसलेला. त्यानं कॅसेट लावली. ‘जिना’ सुरू झाला आणि एवढ्या वर्षांनीही माझ्या मानेवर काटा आला.

“हे पळतंय,” कॉपीवाला म्हणाला.

“पळतंच ते. थ्रॅश आहे.”

“तसं नाही हो. टेप पळतेय. भरताना मशीन हळू फिरत असलं ना, की वाजवताना असं होतं. आतला रबरी पट्टा सैल पडला की होतं. माझ्याकडे निम्म्या टेपा अशाच येतात.”

“तुमचंच मशीन बिघडलं असेल.”

त्यानं कॅसेट दुसऱ्या मशीनमध्ये घातली. तसंच. तिसऱ्यात घातली. तसंच. मी म्हटलं, तुम्हाला हे संगीत कळत नाही. तो म्हणाला, नाही कळत, खरंय. आणि टेप शेवटाकडे नेली. आईचा आवाज आला.

“या कोण?”

“माझी आई.”

“वय काय असेल तेव्हा?”

“चव्वेचाळीस.”

“आणि हा मुलगा?”

“माझा भाऊ. तेवीस.”

कॉपीवाल्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. “ताई, याचा आवाज तर पोरासारखा लागतोय. तेविसाव्या वर्षी?”

त्यानं कॉम्प्युटरवर कुठलीशी पट्टी थोडी मागे ओढली. आई जराशी खाली आली. आणखी ओढली. पुन्हा लावलं. पुन्हा जरा ओढली. आणि मग दुकानात माझी आई बोलली.

“काय बोलू? माझं बोलणं कोणी ऐकतं का या घरात?”

जाड, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी दमलेला. दिवसभराच्या कामानंतरचा. मी तो आवाज विसरले होते. सोळा वर्षं मी त्या टेपमधल्या दुसऱ्याच कुठल्यातरी बाईला आई समजून ऐकत होते. मला रडू आलं, आणि डोळे पुसता पुसता पुढचं लक्षात आलं, तेव्हा रडू पळालं.

“आता इथेच ठेवा,” मी म्हटलं, “आणि चौथं गाणं लावा.”

चौथं गाणं लागलं. तेच सीडीवालं. तेच जड, तेच खाली बसलेलं. मी समोरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. चार मिनिटं सव्वीस सेकंद.

कॉपीवाला म्हणाला, “शंभराला सहाचा फरक होता. फार नाही.”

मी म्हटलं, “नाही, फार नाही.” आणि त्याच्या स्टुलावर बसले.

घरी येऊन मी कॉपीवाल्यानं फोनवर घालून दिलेला तो खरा ‘जिना’ पहिल्या गाण्यापासून ऐकला, आईच्या आवाजाच्या वेगात. न चिडता ऐकायची ती पहिलीच वेळ. खरं सांगायचं तर अल्बम चांगला आहे. वेग गेला तिथे वजन आलंय. ड्रमच्या दोन ठोक्यांमधे जागा आहे आणि त्या जागेत बेसवाला काहीतरी सुंदर करतोय, जे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. त्यानंतर ‘आरसा’ लावला, तर त्यात शरणागती वगैरे काही सापडेना. ‘जिना’ जिथे संपतो तिथूनच तो सुरू होतो, एवढंच. कोणी घाबरलं नव्हतं. मीच चुकीच्या पायरीवर उभी राहून त्यांना भित्रे म्हणत होते. खिळ्याला उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. मला त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर तेल लावलेल्या पोटऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती. मी ज्या लाँड्रीत काम करते तिथे हॉस्पिटलच्या चादरी येतात. इस्त्रीचा रोलर खोलीभर लांब, त्याच्या तोंडाशी आम्ही दोघी उभ्या. ओल्या चादरीचं एक टोक मी धरायचं, दुसरं माझ्या जोडीदारणीनं, आणि एकाच वेळी रोलरच्या तोंडात द्यायचं. एकीचा हात मागे पडला की चादर तिरकी जाते, घड्या पडतात, आणि ती परत धुवायला. त्या दिवशी जोडीदारणीचा हात सारखा मागे पडत होता. चार चादरी तिरक्या गेल्या.

“चालत नाहीत गं हात आज,” ती म्हणाली. “वय झालं माझं. तू दुसरी कोणी बघ.”

माझ्या तोंडात वाक्य आलं होतं. कुठलं, ते सांगायला नको. मी ते गिळलं आणि रोलरच्या कडेला असलेला वेगाचा काटा बघायला गेले. नेहमी पाचवर असतो. सहावर होता. ढीग लवकर संपावा म्हणून सुपरवायझरनं आल्या आल्या वाढवला होता आणि सांगितलं नव्हतं. मी काटा पाचवर आणला. सुपरवायझर म्हणाला, “बाई, तुम्हाला जमत होतं की!” मी म्हटलं, “मला जमत होतं म्हणून काय झालं?” आणि हे बोलल्यावर मला तिथे उभं राहवेना. पाळी संपली तशी घरी न जाता मी दादाकडे निघाले.

दादा गावाबाहेरच्या वजनकाट्यावर बसतो. जमिनीत बसवलेला लोखंडी काटा, त्यावर मालाचे ट्रक येऊन उभे राहतात, आणि बाजूच्या केबिनमध्ये काचेमागे दादा आकडे वाचतो. खिडकी उघडायची, चिठ्ठी द्यायची, खिडकी लावायची. सगळीकडे सिमेंटची धूळ. दुपारी चारच्या सुमाराला पोचले.

“चिंगे? तू इथे?” लहानपणापासून तो मला चिंगीच म्हणतो, एक्कावन्न वर्षांची झाले तरी. “काय झालं?”

“काही नाही. म्हणजे झालंय. तू आधी हे ऐक.”

त्यानं मला त्याची खुर्ची दिली आणि स्वतः फायलींच्या खोक्यावर बसला. मी फोन टेबलावर ठेवला आणि आईचा आवाज लावला.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही.

“हा तिचा आवाज,” तो म्हणाला.

“हो.”

“आधीचा पळत होता.”

“तुला ठाऊक होतं?”

ट्रक आला. त्यानं उठून खिडकी उघडली, चिठ्ठी दिली, खिडकी लावली. मग खोक्यावर बसून म्हणाला, “त्या हॉलनंतर तीनेक महिन्यांनी ते मशीन परत दुरुस्तीला आलं. भरायच्या खणाचा पट्टा माझ्याच हातात आला. पार सैल. तेव्हा कळलं.”

“आणि एकतीस वर्षं तू मला सांगितलं नाहीस?”

“काय सांगायचं? मीच घरी आणलं होतं ते मशीन. मीच भरली होती कॅसेट.”

“तरी सांगायचंस, दादा!”

“तू म्हणाली असतीस, बहाणे शोधतोय.”

“नसते म्हणाले.”

“चिंगे,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं, “तू त्या एवढ्या मोठ्या कंपनीचं ऐकलं नाहीस. खुद्द बँडचं ऐकलं नाहीस. माझं ऐकलं असतंस?”

मी ग्रुपवर काय काय लिहिते ते तो वाचतो, हे मला माहीतच नव्हतं.

“आणि तसंही,” तो टेबलावरच्या धुळीकडे बघत म्हणाला, “त्या पळणाऱ्या वेगात तू वाजवतच होतीस. तुला जमत होतं, मला जमत नव्हतं. पट्टा बदलून ते थोडंच बदलणार होतं?”

“दादा, मी माइकवर बोलले ते...”

“जाऊ दे गं. किती वर्षं झाली.”

“जाऊ दे म्हणू नकोस. दीडशे माणसं हसली होती. मी त्यांना हसवलं. मला माज होता आणि मी तुझा जीव घेतला.” मला वाटलं होतं, हे बोलताना मी रडेन. पण इतकी दमले होते की नुसतं सांगितलं, दुकानात वस्तूचं नाव सांगावं तसं. “माझं चुकलं.”

त्यानं कोपऱ्यातला थर्मास पुढे ओढला. मग म्हणाला, “चहा घेशील?”

“नको. हा खऱ्या वेगातला ‘जिना’ तू ऐकलायस का?”

“नाही. त्यानंतर मी त्यांचं काहीच ऐकलं नाही. कशाला ऐकायचं?”

“चौथं ऐकतोस?”

त्यानं बाहेर बघितलं. काट्याकडे एक ट्रक वळत होता. मला वाटलं, तो नाही म्हणणार. त्यानं काचेतून ट्रकवाल्याला हात दाखवला, थांब म्हणून. “लाव,” तो म्हणाला.

मी चौथं गाणं लावलं. फोनचा आवाज तो केवढा, त्यात केबिनचा पंखा. दादा पुढे वाकून बसला. त्याचे हात मांडीवर होते आणि ते हलले नाहीत. हलतील असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू, येताना सगळ्या वाटेवर मी तेच मनात घोळवत होते. ते हलले नाहीत. मधल्या तुकड्यात, जिथे आम्ही त्या दिवशी कोसळलो होतो, तिथे त्यानं मान थोडी कलती केली, इतकंच. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. दादानं वळूनही पाहिलं नाही. दुसरा हॉर्न झाला, तिसरा झाला. चार मिनिटं सव्वीस सेकंद संपली.

“हे मला येत होतं,” दादा म्हणाला.

चेहरा नेहमीसारखाच होता. जणू कोणाचा तरी पत्ता आठवला. “चिंगे, हे मला येत होतं गं. एवढं मला येत होतं.” मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि खिडकीकडे गेला, कारण ट्रक काट्यावर चढला होता आणि ट्रकवाला शिव्या द्यायला लागला होता.

“येत होतं, दादा,” मी म्हणाले.

इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्यानं मान वळवून, काय म्हणालीस, असं विचारलं. तेव्हा मी उभी राहिले आणि पुन्हा सांगितलं, त्या हॉलमध्ये माइकवर बोलले होते तेवढ्या मोठ्यानं. ट्रकवाला शिव्या थांबवून आमच्याकडे बघायला लागला.